पोटावरचा हात

गेल्या दिवाळीत नरक चतुर्दशीच्या पहाटे माझी लेक पाटावर येऊन बसली. पहिलटकरीण, सातवा महिना, डोहाळजेवण होऊन नुकतीच माहेरी आलेली. वाटीत तिळाचं तेल कोमट केलं होतं, उटणं भिजवलं होतं. धाकट्याच्या डोक्यावर तेल थापून झालं, तो ओरडत न्हाणीत पळाला आणि हिची पाळी आली. ती म्हणाली, "आई, मला लावायचं की नको? सासूबाई म्हणाल्या पोटाला हात लावू देऊ नकोस. आणि मावशी म्हणते रोज लावून घे, सुटका सोपी होते."

तेलाची वाटी हातात धरून मी थबकले. गेली बारा वर्षं, टपाल खात्यातली नोकरी सांभाळून, मी महाराष्ट्रातल्या सुईणींविषयी कागद जमवते आहे. जुने अहवाल, गॅझेटियर, वैद्यकाची पुस्तकं, म्हाताऱ्या बायकांच्या मुलाखतींच्या वह्या. एवढं असून त्या साध्या प्रश्नाचं उत्तर मला एका वाक्यात देता येईना.

थबकायला घरातलीच दोन कारणं होती. माझ्या आजीचं पहिलं मूल पोटातच गेलं. कृष्णाकाठचं गाव, मूल आडवं आलेलं, दोन दिवस कळा. शेवटी पोट जोराने दाबलं गेलं. आमच्या घरात ही गोष्ट सांगताना शेवट नेहमी एकच असे: "अडाणी सुईणीने घात केला."

दुसरी गोष्ट माझी स्वतःची. १९९४ साल, शहरातला दवाखाना, पांढऱ्या फरशा, शिकलेले डॉक्टर. मी दमून गेले होते. तेव्हा एक नर्स स्टुलावर चढली आणि तिने कोपराने माझ्या पोटाच्या वरच्या भागावर सगळा भार टाकला. मूल झालं, ते सुखरूप होतं, तीच ही लेक. माझ्या बरगड्या पुढे पंधरा दिवस दुखत होत्या. घरात मात्र सगळे म्हणाले, "डॉक्टर होते म्हणून वाचली."

दोन्ही वेळा पोटच दाबलं गेलं. एका दाबण्याचं नाव अडाणीपणा पडलं, दुसऱ्याचं उपचार. माझा शोध खरं तर या विसंगतीपासून सुरू झाला.

शब्दांची भेसळ

आज आपण सरसकट "मालिश" म्हणतो. हा शब्द फारसीतून आला. मूळ अर्थ घासणं, चोळणं. पण गरोदर बाईच्या आणि बाळंतिणीच्या बाबतीत बायकांच्या तोंडी हा शब्द फारसा नव्हता. माझ्या वह्यांमध्ये जी क्रियापदं येतात ती अशी: तेल लावणं, तेल जिरवणं, हात फिरवणं, चाचपणं, चोळणं, चेपणं, रगडणं, दाबणं. बाळाला तेल जिरवतात. बाळंतिणीचं अंग रगडतात. थकलेले पाय चेपतात. गरोदर बाईचं पोट चाचपतात. एका क्रियापदाच्या जागी दुसरं घातलं, तर म्हातारी बाई लगेच दुरुस्ती करते. "पोट रगडलं का?" असं मी एकदा अनवधानाने विचारलं, तर समोरची आजी माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मी खुनाविषयी विचारते आहे.

इंग्रजीत एक गंमत झाली आहे. केसांना लावायच्या साबणाला आपण ज्या नावाने ओळखतो तो "शाम्पू" हा शब्द मुळात आपल्याकडच्या चांपणं, चेपणं या क्रियेवरून गेला. पाटण्याचा शेख दीन महंमद एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात इंग्लंडमधल्या ब्रायटनला वाफेच्या स्नानाबरोबर अंग चेपून देत असे आणि त्या चेपण्याला तिथे "शाम्पूइंग" म्हणत. पुढे हा एकच शब्द हलक्या हातापासून कणीक तिंबल्यासारख्या दाबापर्यंत सगळ्यासाठी वापरला गेला. आज आपल्याकडे "मालिश" या शब्दाचं तेच झालं आहे. "गरोदरपणात मालिश करावी का?" या प्रश्नाला म्हणूनच सरळ उत्तर नाही. त्यात चार-पाच वेगळे प्रश्न कोंबलेले आहेत.

ग्रंथांतली बाई

माझं संस्कृत शाळेतलं. चरक आणि सुश्रुत मी मराठी भाषांतरांच्या आधाराने आणि ओळखीच्या एका वैद्यबाईंना विचारून वाचले. चरकसंहितेच्या शारीरस्थानातल्या आठव्या अध्यायात गर्भिणीची आणि प्रसूतीची सगळी व्यवस्था आहे. तिथली एक उपमा मला पहिल्या वाचनापासून विसरता आलेली नाही. काठोकाठ तेलाने भरलेलं भांडं न हिंदकळवता न्यावं, तशी गर्भार बाईची काळजी घ्यावी, असं तिथे सांगितलं आहे.

आता याच अध्यायात हात कुठे कुठे येतो ते पाहू. सातव्या महिन्यात पोटाला, छातीला खाज सुटते. गर्भाला केस येतात म्हणून ही खाज, असं तेव्हा बायका म्हणत (आजही म्हणतात). आत्रेय ते खोडून काढतो. वाढत्या गर्भाच्या दाबाने दोष वर सरकतात, त्यातून ही खाज, असं त्याचं म्हणणं. उपाय म्हणून चंदन आणि कमळाच्या देठाचा लेप पोटावर आणि स्तनांवर चोळायला सांगितला आहे. नखांनी खाजवायचं नाही, त्वचा फाटते. अगदीच असह्य झालं तर हाताने चोळायचं. म्हणजे पोटाला हात लावायचा, पण त्वचेपुरता.

नवव्या महिन्यात मधुर औषधांनी सिद्ध केलेल्या तेलाची बस्ती आणि त्याच तेलाचा बोळा योनिमार्गात ठेवायचा, जागा मऊ व्हावी म्हणून. प्रत्यक्ष कळा सुरू झाल्या की मधूनमधून कंबर, कुशी, पाठ आणि मांड्या यांना कोमट तेल लावून तिला सुख वाटेल अशा बेताने चेपायचं. या यादीत पोट नाही. काही आचार्यांचं मत होतं, की कळा येत असताना बाईने मुसळाने कांडावं. आत्रेय म्हणतो, नाही. गर्भिणीने एरवीही कष्टाचा व्यायाम टाळायचा, मग या घडीला तर नक्कीच. कळ नसताना जोर करू नये, आधी हळू आणि मग वाढवत जोर करावा, असंही तिथे आहे.

जोराचा हात याच अध्यायात आहे, तो मूल बाहेर आल्यानंतर. वार पडली नाही तर एका बाईने उजव्या हाताने बेंबीच्या वर जोराने दाबावं, डावा हात पाठीशी धरावा आणि बाळंतिणीला हलवावं. त्यानंतर पोटाला तूप-तेल लावून मोठ्या कापडाने घट्ट गुंडाळायचं, म्हणजे रिकाम्या झालेल्या पोटात वायूला जागा उरत नाही. आपल्याकडचा बाळंतिणीचा पोटपट्टा तो हाच. सुश्रुतही बाळंतिणीला बलातैलाने अभ्यंग सांगतो.

एवढं वाचल्यावर मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. गरोदर बाईचा हात आणि बाळंतिणीचा हात ही दोन वेगळी शास्त्रं होती. आपल्याकडची "परंपरागत मालिश" म्हणून जी ख्याती आहे, ती जवळजवळ सगळी बाळंतिणीच्या मालिशीची आहे. शेक-शेगडी, ओवा-बाळंतशेपांची धुरी, रगडून घातलेली न्हाणी हे सगळं सुटकेनंतरचं. तिथला जोर आधीच्या नऊ महिन्यांत ओढून आणणं ही परंपरा नव्हे, परंपरेची गल्लत आहे.

पण म्हणून ग्रंथ डोळे मिटून घ्यावेत असंही नाही. त्याच खाजेवर कण्हेरीच्या पानांनी सिद्ध केलेलं तेलही सांगितलं आहे. कण्हेर विषारी आहे, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. "आयुर्वेदात आहे" म्हणून ते तेल आज कुणा गरोदर बाईच्या अंगाला लावावं, असं मी म्हणणार नाही, आणि माझ्या वैद्यबाईंनीही म्हटलं नाही.

सुश्रुताचा आणखी एक शब्द मी वहीत लाल शाईने लिहून ठेवला आहे. बाळंतपणाला चार बायका असाव्यात: विश्वासाच्या, पोक्त वयाच्या, बाळंतपणात तरबेज आणि नखं कापलेल्या.

अहवालांतली सुईण

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात एम. डी. साठी प्रबंध सादर केला, त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. जिचं स्वतःचं पहिलं मूल दहा दिवसांत गेलं होतं, ती एकविशीतली मुलगी परक्या देशात बसून आपल्या देशातल्या बाळंतपणाविषयी लिहीत होती. पुढच्या वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, ती पुण्यात वारली. ती जगती तर ग्रंथांतली ती बाई आणि खेड्यातली सुईण यांची गाठ कदाचित तिनेच घालून दिली असती.

तसं झालं नाही. १८८५ मध्ये डफरिन फंड निघाला, १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ सुईणींना शिकवण्यासाठी निधी उभा राहिला. या निधीच्या पहिल्या पंधरा वर्षांचा अहवाल १९१८ मध्ये कलकत्त्याच्या सरकारी छापखान्यात छापला गेला. त्यात हिंदुस्थानभरच्या डॉक्टरबाई आणि शिकलेल्या सुईणी यांचे लेख आहेत. तो वाचणं सोपं नाही. घाणेरड्या चिंध्या, अंधाऱ्या खोल्या, न धुतलेले हात, पोटावर केलेली जबरदस्ती. १९२७ मध्ये कॅथरीन मेयोने "मदर इंडिया" लिहिलं तेव्हा सुईणीचं भयाण चित्र रंगवायला तिला याच प्रकारची सामग्री कामी आली. मेयोच्या हेतूंविषयी आपल्याकडे भरपूर लिहून झालं आहे. पण १९१८ च्या अहवालातल्या डॉक्टरबाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्याकडे बाई यायची ती सगळे उपाय थकल्यावर, फाटलेली, तापाने फणफणलेली. त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं.

फक्त, जी सुटका सुखरूप झाली ती त्यांच्यापर्यंत आलीच नाही. चांगल्या हाताचा अहवाल कुणी लिहिला नाही. सुईणीला लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना लिहिता येत होतं ते पुरुष त्या खोलीत जात नव्हते.

आणखी एक गोष्ट त्या अहवालांच्या कडेला राहिली. महाराष्ट्रात अनेक गावांत सुईणपण मांग समाजातल्या बायकांकडे असे. कळा सुरू झाल्या की त्यांना मागच्या दाराने बोलावलं जाई. घरातल्या सुनेच्या अंगाला त्यांचा हात चाले. काम झालं की त्याच हाताला पाण्याच्या हंड्याचा विटाळ होई. वार, नाळ, रक्त हे सगळं त्यांच्या वाट्याला, मोबदला म्हणून एखादं जुनेर आणि पसाभर धान्य. हात धुवायला स्वच्छ पाणीसुद्धा जिला मागता येत नाही, तिच्या हाताच्या अस्वच्छतेवर आपण शंभर वर्षं बोललो. नखं कापलेल्या चार पोक्त बायका ग्रंथात होत्या. त्यांची वारस जी बाई, तिला तो ग्रंथ ऐकण्याचीही मुभा नव्हती.

हाताचा दोष केवळ अडाण्यांचा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या सुप्रसिद्ध रुग्णालयात सेमेलवाइसने पाहिलं, की डॉक्टर आणि विद्यार्थी ज्या कक्षात बाळंतपणं करतात तिथे बाळंतज्वराने जास्त बायका मरतात. सुईणींच्या कक्षात कमी. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येत होते.

शिकलेला दाब

१८६७ मध्ये सॅम्युअल क्रिस्टेलर या जर्मन डॉक्टरने कळेच्या वेळी गर्भाशयाच्या वरच्या भागावर हातांनी दाब देऊन मूल पुढे सरकवण्याची पद्धत लिहून प्रसिद्ध केली. त्या दाबाला आजही त्याचं नाव आहे. १८८२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज एंगेलमन या प्रसूतितज्ज्ञाने जगभरच्या "आदिम" समाजांतल्या बाळंतपणावर पुस्तक लिहिलं. त्यात पोट चोळण्याच्या आणि दाबण्याच्या रीतींची वर्णनं आहेत. म्हणजे ज्या काळात हा दाब एका बाजूला रानटी रीत म्हणून नोंदला जात होता, त्याच काळात दुसऱ्या बाजूला तो डॉक्टरांच्या पुस्तकात तंत्र म्हणून शिरत होता.

हे वाचलं आणि १९९४ मधलं ते स्टूल मला आठवलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीविषयी सविस्तर शिफारशी प्रसिद्ध केल्या. मूल लवकर बाहेर यावं म्हणून पोटावर वरून दाब देऊ नये, असं त्यात स्पष्ट आहे. आजीच्या पोटावरचा हात आणि माझ्या पोटावरचं कोपर, दोन्ही एकाच वाक्याने चुकीचे ठरले. वेदना कमी करण्यासाठी बाईला हवी असेल तर मालिश आणि गरम शेक यांची शिफारस त्याच पुस्तिकेत आहे. कंबर आणि पाठ चेपण्याचा चरकातला सल्ला एवढ्या लांबून फिरून परत आला.

मग लेकीला काय सांगायचं?

गरोदरपणातल्या मालिशीवर आधुनिक संशोधन आहे, पण ते लहान लहान गटांवरचं आहे. मायामी विद्यापीठात स्पर्शावर संशोधन करणारी एक संस्था १९९२ पासून आहे. तिथल्या टिफनी फील्ड यांनी १९९९ मध्ये २६ गरोदर बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, पाच आठवडे. ज्यांना मालिश मिळाली त्यांची चिंता कमी झाली, पाठदुखी कमी झाली, झोप सुधारली. २६ बायकांवरून जगाचा नियम काढू नये. पण कंबर मोडलेल्या, रात्री कुशी बदलणाऱ्या बाईला बरं वाटतं, एवढं म्हणायला हा पुरावा पुरेसा आहे. "सुटका सोपी होते" असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही. तसा दावा करून पॅकेज विकणारी मालिश केंद्रं आता जिल्ह्याच्या गावांतही निघाली आहेत.

धोक्यांची यादी लांब नाही, पण पक्की आहे. पोट जोराने दाबलं, रगडलं तर वार वेळेआधी सुटण्याचा धोका असतो. त्यात आई आणि मूल दोघांचाही जीव जाऊ शकतो. आडवं मूल बाहेरून फिरवणं हे डॉक्टरांचं काम आहे. ते सोनोग्राफी आणि ठोक्यांवर लक्ष ठेवून, शस्त्रक्रियेची सोय असेल तिथेच करतात. गरोदरपणात रक्ताच्या गुठळ्या होण्याकडे कल वाढतो. म्हणून एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर ती चोळू नये, आधी दाखवावी. चेहरा आणि हात सुजले, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती सूज तेलाने उतरवायची नसते, रक्तदाब मोजायचा असतो. रक्तस्राव, पाणी जाणं, वेळेआधी कळा, वार खाली असणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश नाही. निम्मे दिवस भरल्यावर फार वेळ उताणं झोपवू नये, गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि चक्कर येते. कुशीवर, शक्यतो डाव्या, निजवावं. आणि तेलाने पाय निसरडे होतात. न्हाणीतलं घसरणं हा या सगळ्यांतला सर्वांत साधा आणि सर्वांत विसरला जाणारा धोका.

पहिल्या तीन महिन्यांत तेल लावलं की गर्भ पडतो, ही भीती मात्र अनेक बायकांना आयुष्यभर छळते. सुरुवातीच्या गर्भपातांचं कारण बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषात असतं. पाठीवरून फिरलेल्या हलक्या हाताने गर्भ पडतो, याला आधार नाही. माझ्या एका वहीत अशी एक बाई आहे, जिने चाळीस वर्षं स्वतःच्या आईला माफ केलं नाही, कारण आईने तिच्या पाठीला तेल लावल्यानंतर दोन दिवसांनी तिचा गर्भ पडला होता.

यातलं बरंचसं मला पुस्तकांतून कळण्याआधी एका बाईने सांगितलं होतं. कृष्णाकाठच्याच एका गावातली, पंच्याऐंशी ओलांडलेली सुईण. सरकारी प्रशिक्षणात मिळालेली पेटी तिने अजून जपून ठेवली आहे. मी विचारलं, "मावशी, पोटुशीच्या पोटाला तुम्ही काय करायच्या?" तिने माझा हात ओढून घेतला, तळवा उताणा केला आणि त्यावरून आपला हात असा फिरवला, की मला फक्त ऊब कळली. म्हणाली, "बाई, हात प्वाटावर फिरवायचा, प्वाटात न्हाई. मूल कुठं हाय ते बघायचं आन् हात काढायचा. आडवं लागलं तर गाडी जुंपा म्हनायचं. दाबलं तर मग सुईन कशाला, जातं हायच की." मग बराच वेळ गप्प राहून तिने आणखी एक सांगितलं. "गाडी जुंपा म्हनलं की घरातले पुरुष मलाच शिव्या द्यायचे. तुला येत न्हाई म्हनून पाठवतीस, म्हनायचे."

त्या दिवशी घरी येताना एसटीत मला आजीच्या सुईणीची आठवण झाली. तिने खरंच दाबलं असेल. की तिनेही गाडी जुंपायला सांगितली होती आणि ती जुंपली गेली नव्हती? दोन दिवस कळा चालू असताना घरातली कर्ती माणसं काय करत होती, हा प्रश्न आमच्या घरात कुणी कधी विचारला नाही. गोष्ट सांगताना मीसुद्धा कधी विचारला नव्हता.

आता महाराष्ट्रात शंभरातली नव्वदाहून अधिक बाळंतपणं दवाखान्यात होतात, आणि ते चांगलंच झालं. माझी आजी आज असती तर तिचं मूल वाचलं असतं. सुईण परत यावी असं मला वाटत नाही. पण तिच्याबरोबर हात कुठे थांबवायचा याची जी समज होती, तीही आपण मोडीत काढली, आणि तिच्या जागी एका बाजूला "हातच लावू नका" आणि दुसऱ्या बाजूला "परंपरागत मालिश पॅकेज" अशी दोन टोकं उरली.

पहाट सरत आली होती. लेक अजून पाटावर बसून होती. मी तिला उठवलं, पलंगावर डाव्या कुशीवर निजवलं, पोटाखाली आणि गुडघ्यांत उशी दिली. पोटऱ्या आधी पाहिल्या, सूज नव्हती. मग कंबरेला, पाठीला, खांद्यांना, पावलांना कोमट तेल लावलं. शेवटी ती म्हणाली, "आणि पोट?" मी तळव्याला उरलेलं तेल तिच्या पोटावरून नुसतं फिरवलं, त्या मावशींनी माझ्या तळव्यावर फिरवला होता तसं. आतून एक लाथ आली. लेक हसली. मी हात काढून घेतला, आणि न्हाणीत तेलाने पाय घसरू नये म्हणून तिच्या दंडाला धरून तिला आत नेलं.